मढीच्या यात्रेतला तंबू आणि तीन भाऊ

माझे अब्बा मण्यार होते. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचे बांगड्यांचे छोटे दुकान होते, पण घर चालायचे ते यात्रांवर. त्यातली सर्वांत मोठी यात्रा मढीची. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या गडाखाली माणसांचा समुद्र लोटायचा. गाढवांचा बाजार भरायचा, भटक्या जमातींच्या पालांनी माळ भरून जायचा, रेवडीच्या राशी लागायच्या. याच कानिफनाथांना आमच्या घरातली जुनी माणसे शाह रमजान माही सवार म्हणत. दोन नावांचा एकच गड आहे, यात कोणाला काही वावगे वाटल्याचे मला आठवत नाही.

१९९० साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वर्षी अब्बांनी मला पहिल्यांदा हाताखाली घेतले. काचेच्या बांगड्यांचे डबे उचलून देणे, सुटे पैसे मोजणे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा गप्प बसणे, एवढे माझे काम. रंगपंचमीचा दिवस होता. रमजान पंधरवड्यावर आला होता आणि त्याआधी हातात चार पैसे यावेत म्हणून अब्बा सकाळपासून उभे होते. माझे लक्ष मात्र माळाच्या टोकाला होते. तिथे ठिगळे लावलेला एक भलामोठा तंबू उभा होता, शेजारी जुनाट ट्रक होता आणि कर्ण्यातून एक माणूस घसा फोडून ओरडत होता, "या या या, तीन हिरो, तीन हिरॉईन, अमर अकबर अँथनी!"

आमच्या घरात सिनेमा निषिद्ध होता. दादी म्हणायची, "पिच्चर देखे तो आँखां का नूर जाताय." रविवारी संध्याकाळी गावातल्या एका टीव्हीवर मी खिडकीतून अर्धामुर्धा सिनेमा पाहिलेला होता, पण त्यात माणूस वीतभर दिसायचा आणि वारा सुटला की तोही मुंग्यांत हरवायचा. मोठा पडदा मी कधीच पाहिला नव्हता.

आमच्या शेजारी दरवर्षी एका रेवडीवाल्याचे दुकान असे. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो तंबूकडे जायला निघाला, तेव्हा मामा अब्बांना म्हणाले, "मण्यार, जाऊ द्या की पोराला. सकाळपासून मान तिकडंच आहे त्याची." अब्बा काही बोलले नाहीत. एका बाईच्या हातात ते बांगड्या भरत होते. शेवटची बांगडी चढली, बाईने पैसे दिले. त्यातले दोन रुपये त्यांनी माझ्यापुढे धरले आणि एवढेच म्हणाले, "अम्मी कू नको बोलू."

तंबूत बसायला जमीन होती. मधोमध दोर बांधून कापड टाकलेले, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मागे ट्रकमध्ये यंत्र होते. त्यातून निघालेला उजेडाचा पट्टा आमच्या डोक्यावरून गेला, त्यात विडीचा धूर आणि माळाची धूळ गरगरताना दिसली आणि समोरच्या चादरीवर माणसे उभी राहिली. घराएवढी माणसे. अमिताभचा नुसता बूट माझ्यापेक्षा मोठा होता. रेवडीवाल्याच्या मुलाने माझा हात घट्ट धरला होता. मीही त्याचा धरला होता, हे मात्र मी त्याला नंतर कधी कबूल केले नाही.

तंबूतून आलेला बोलपट

मुलांना इतिहास शिकवताना मी नेहमी सांगतो की भारतात सिनेमा इमारतींच्या आधी तंबूंनी पोहोचवला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या माणसाने एक रुपया तिकिटात हलती चित्रे दाखवली. तो मुंबईतल्या मोजक्या लोकांचा खेळ होता. खेड्यापाड्यांतल्या माणसापर्यंत तो नेला फिरत्या तंबूवाल्यांनी, आणि त्यांतले एक ठळक नाव आहे अब्दुलअली युसुफअली. मूळचे सुरतचे. १९०१ पासून त्यांनी आग्नेय आशियात ब्रह्मदेश, सिंगापूर असा तंबू फिरवला आणि १९०८ पासून हिंदुस्थानभर. त्यांच्या तंबूत हजारभर माणसे बसत. १९१४ मध्ये त्यांनी अर्देशीर इराणी यांच्याशी भागीदारी केली आणि मुंबईत थिएटरच्या धंद्यात उतरले. ज्या मॅजेस्टिक थिएटरशी या भागीदारीचे नाव जोडले गेले, तिथेच १४ मार्च १९३१ रोजी भारताचा पहिला बोलपट लागला. इराणींचा 'आलम आरा'. एक पारशी, एक मुस्लिम आणि त्यांच्यामध्ये तंबूचा अनुभव. आपला बोलपट यातून आला.

'आलम आरा'चा नायक होता मराठी माणूस. मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले मारामारीचे मोठे नाव. हा बोलपट करण्यासाठी त्यांनी आधीची कंपनी सोडली, कंपनीने करारभंगाचा दावा लावला आणि विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी लढवून जिंकून दिली. गंमत पुढे आहे. विठ्ठल यांची जीभ मराठी, सिनेमाची भाषा उर्दूमिश्रित हिंदुस्थानी. संवाद त्यांना झेपेनात. मग पहिल्या बोलपटाच्या नायकाला बराच वेळ बेशुद्ध किंवा गप्प ठेवावे लागले. या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही, त्यामुळे ते गप्प बसणे आपल्याला पाहताही येत नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही वर्गांत हा किस्सा सांगितला की मुले हसतात. मी मात्र त्यांना विचारतो, की विठ्ठलला जे अवघड गेले, ते साठ वर्षांनी मढीच्या तंबूतल्या माणसांना इतके सोपे कसे झाले?

कारण मी ते ऐकले होते. त्या तंबूत बसलेल्या बहुतेकांनी उर्दूचे एक अक्षर गिरवलेले नव्हते. ऊसतोड करणारी, गाढवे विकणारी, गडावर नवस फेडायला आलेली माणसे. पण पडद्यावर फर्ज, इन्साफ, कसम, दुआ हे शब्द आले की कोणी अडखळत नव्हते. काहींना संवाद तोंडपाठ होते, ते पडद्याच्या आधी म्हणत होते. गावात मी दखनी बोललो की वर्गातली पोरे नक्कल करायची. घरची भाषा ही घरात ठेवायची गोष्ट आहे, असे मी तोवर धरून चाललो होतो. तिचीच थोरली बहीण इथे शेकडो माणसांच्या तोंडी होती आणि कोणी कोणाची नक्कल करत नव्हते. ते संवाद कादर खान यांचे होते, हे मला खूप नंतर कळले. ते मुंबईच्या साबू सिद्दीक तंत्रनिकेतनात शिकवायचे, हे कळले तेव्हा एक शिक्षक म्हणून मला विशेष आनंद झाला.

शिर्डी आपल्या जिल्ह्यात

मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' १९७७ चा. आमच्या तंबूत तो तेरा वर्षांनी आला होता. फिरत्या टॉकीजचे तसेच असायचे. शहरात चालून चालून चरे पडलेल्या प्रती यात्रेत यायच्या. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा हजार फुटांहून अधिक फिल्म. ती तुटायची, जोडली जायची आणि प्रत्येक जोडात दोनचार वाक्ये गळायची. आमच्या वेळी रीळ दोनदा तुटले. दोन्ही वेळा अंधारात शिट्ट्या झाल्या आणि यंत्रवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार झाला.

गोष्ट सर्वांना माहीत आहे. पंधरा ऑगस्टच्या दिवशी गांधीजींच्या पुतळ्यापाशी तीन भावांची ताटातूट होते. एक हिंदू पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो, एक मुस्लिम शिंप्याच्या, एक ख्रिस्ती पाद्र्याच्या. आईची दृष्टी जाते. मग एका प्रसंगी अकबर शिर्डीच्या साईबाबांची कव्वाली गातो आणि मूर्तीतून निघालेल्या दोन ज्योती आईच्या डोळ्यांत शिरतात.

शिर्डी हे नाव पडद्यावरून ऐकू आले तसा तंबू हलला. शिर्डी तर आमच्याच जिल्ह्यातली! मढीहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी. पुरुषांनी टोप्या काढल्या, कोणी पडद्याकडे नाणी फेकली. कापडापलीकडे बायकांनी हात जोडले असणार, कारण एकदम खूप बांगड्या वाजल्या. त्यांतल्या काही अब्बांनी त्याच दुपारी भरलेल्या होत्या. आणि हे सगळे एका मुसलमान पोराच्या गाण्याला चालले होते. माझ्यासारखेच घरात दखनी कानावर पडलेले, शिंप्याच्या घरचे पोर. दहा वर्षांच्या मला त्यात आणखी काही दिसले नाही, पण तेवढे पुरेसे होते. मी ताठ बसलो.

या प्रसंगाला आमच्या जिल्ह्यात खरा आधार आहे. साईबाबा एका जुन्या मशिदीत राहत आणि तिलाच द्वारकामाई म्हणत. कोपरगावच्या गोपाळराव गुंडांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये शिर्डीत उरूस सुरू झाला आणि त्यासाठी दिवस ठरला रामनवमीचा. पुढे कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल यांनी त्याला संदलची मिरवणूक जोडली. रामनवमीच्या दिवशी उरूस आणि उरुसात संदल! १९१८ च्या विजयादशमीला बाबा गेले, त्यानंतरही ही रीत राहिली. देसाईंच्या सिनेमात जे चमत्कार म्हणून येते, ते गावकऱ्यांनी ऐंशी वर्षे आधी वर्गणी काढून, दिवस ठरवून, परवानगी मिळवून केले होते.

रक्ताचे नाते

पुढे बी.एड. झालो, शिकवू लागलो आणि हा सिनेमा पुन्हा पाहिला. तेव्हा मात्र काही गोष्टी खटकल्या.

अकबर कव्वाल का? मुसलमान पात्र आले की कव्वाली, बुरखा, पान आणि चिडका बाप हे सामान का यावे? त्याचे नाव अकबर इलाहाबादी ठेवले आहे. या नावाचे शायर १८४६ ते १९२१ या काळात होऊन गेले, इंग्रजी राजवटीवर आणि नकली आधुनिकतेवर त्यांनी धारदार उपहास लिहिला. सिनेमाने नाव उचलले आणि धार सोडून दिली. पण याहून मोठी अडचण दुसरी आहे. हे तिघे भाऊ ठरतात, ते एका आईच्या पोटचे म्हणून. सुरुवातीलाच तिघांचे रक्त एका वेळी आईच्या अंगात चढते आणि प्रेक्षक गहिवरतो. म्हणजे अकबर आपला आहे, कारण तो मुळात परका नव्हताच. ज्याने त्याला सांभाळले त्या शिंप्याचे काय? तो जन्मानेही मुसलमान आहे. त्याला भाऊ म्हणायला सिनेमाकडे काही कारण उरत नाही, आणि सिनेमाही त्याला मागे ठेवून पुढे जातो.

मी तो शिंपी शोधत राहिलो. माझे अब्बा अकबर नव्हते, ते त्या शिंप्यासारखे होते.

या शोधात मला आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सापडली, 'अमर अकबर अँथनी'च्या सदतीस वर्षे आधीची. १९४० साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत ज्ञानेश्वर' काढला, मराठीत आणि हिंदीतही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशात, शके १२१२ मध्ये. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असे मानतात, तो खांब आजही नेवाशात आहे. नेवासा आमच्या जिल्ह्यात. चित्रपटाचे दिग्दर्शक दोघे होते, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. फत्तेलाल कागलचे, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. कंपनीत त्यांना सगळे साहेबमामा म्हणत. या जोडीच्या 'संत तुकाराम'ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत निवड झाली होती. आणि ज्ञानेश्वरांची भूमिका केली शाहू मोडक यांनी. मोडकांचा जन्म १९१८ चा, अहमदनगरचा, ख्रिस्ती कुटुंबातला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आमच्या शहरात आहे, त्या वस्तीतून आलेला हा मुलगा. त्यांनी पडद्यावर कृष्ण इतक्यांदा केला, की लोक कॅलेंडरवरच्या कृष्णात त्यांचा चेहरा शोधत.

म्हणजे एक दामले, एक फत्तेलाल, एक मोडक. यांची आई एक नव्हती. लहानपणी कोणी हरवले नव्हते, शेवटी कोणी ओळख पटवून रडले नाही. रक्त कोणाचेच कोणाला चढवलेले नव्हते. ते एका कामाला लागले होते. एकाला ध्वनीचे तंत्र कळत होते, एकाला देखाव्याचे, एकाचा चेहरा आणि आवाज त्या भूमिकेला साजत होता. मराठी वारकरी थिएटरात येऊन हात जोडत होता तो ख्रिस्ती माणसापुढे, आणि त्याला दिसणारे आळंदी-नेवासे रंगवण्यात एका मुसलमानाचा हात होता. हे त्या काळी लपवून ठेवलेले नव्हते. नावे श्रेयनामावलीत होती.

मला वाटते, रक्ताच्या नात्यावर उभे केलेले ऐक्य पडद्यावर दिसायला फार सुंदर असते, पण खऱ्या आयुष्यात शेजाऱ्याचे रक्त आपल्याशी जुळत नाही आणि ते जुळण्याची गरजही नसते. त्याच्या शेजारी दुकान लावता आले, त्याच्याबरोबर काम करता आले, म्हणजे पुष्कळ झाले. रेवडीवाल्या मामांनी अब्बांना भाऊ म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. ते त्यांना मण्यार म्हणायचे. अब्बा जोहरला किंवा असरला उठले की आमच्या दुकानाची राखण मामा करायचे, आणि मामा गडावर दर्शनाला गेले की रेवडी अब्बा तोलायचे. वीस-बावीस वर्षे हे चालले.

तंबू उठला

फिरत्या टॉकीज आता जवळजवळ संपल्या. आधी व्हिडिओ आला, मग घरोघरी केबल, मग फोन. फिल्मच्या प्रती निघायच्या बंद झाल्या आणि जुनी यंत्रे भंगारात गेली. महाराष्ट्रातल्या यात्रांमधल्या या शेवटच्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. मी तो पाहिला तेव्हा एका ट्रकच्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला.

पण यात्रेतून तंबू उठला त्याचे मला तितकेसे दुःख नाही. यंत्रे जुनी होतात. दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला, की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. प्रशासनाने तो ठराव रद्दबातल ठरवला, संविधानाने दिलेला व्यवसायाचा हक्क ग्रामसभेला काढून घेता येत नाही हे उघडच आहे. तरी ठराव रद्द झाला म्हणून तो झाला नव्हता असे होत नाही.

अब्बा आता नाहीत. बांगड्यांचा धंदा माझा धाकटा भाऊ बघतो. ती बातमी आली त्या रात्री त्याचा फोन आला, "भाई, इस साल क्या करना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी शिक्षक आहे, मला १९४० सांगता येते, १८९७ सांगता येते. दुकान लावायचे की नाही हे दुकानदाराला ठरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी त्याला आणखी एक फोन आला. रेवडीवाल्या मामांच्या मुलाचा. तो म्हणाला, "शेजारची जागा धरलीय. माल कमी आण, पण ये." भाऊ दोन दिवस विचार करत होता. घरात चर्चा झाली. अम्मी नको म्हणाली. शेवटी तो निम्मा माल घेऊन गेला.

परत आल्यावर मी त्याला विचारले, विक्री कशी झाली? म्हणाला, बेताची. मग विचारले, दोघे काय बोललात? तो म्हणाला, "कुछ नै. जोहर कू गया तो वो बैठा था दुकान पे."